वाणीतला काटा कसा काढायचा? आधी कृपा, मग शब्द

ओवीवेडी

घरातलं बोलणं सुधारायचं म्हटलं की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो, जिभेला आवर घाल. तो टिकत नाही. आवरलेलं बोलणं दोन दिवसांनी टोमणा होऊन बाहेर येतं. ज्ञानेश्वरीच्या १३व्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना माऊलींनी वाणीचा क्रम उलटा लावलाय: "पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥" शब्द शेवटचा आहे. आपण नेमकी तिथूनच सुरुवात करतो.

त्याच ठिकाणी वाणीने टाकून द्यायचे अवगुणही सांगितलेत: विरोध, वादबळ, प्राणितापढाळ, उपहास, छळ, वर्मस्पर्श, आट, वेग, विंदाण, आशा, शंका, प्रतारण. मोजून बारा. आजच्या मराठीत सांगायचं तर आडवं बोलणं, वाद जिंकायचाच म्हणून बोलणं, समोरच्याला ताप देण्याकडे कल, खिल्ली, छळ, दुखऱ्या जागी बोट, हट्ट, आवेश, डावपेच, लालूच दाखवणं, संशय पेरणं, फसवणूक.

यादी इतकी नेमकी आहे की तिच्यावरून तपासणी करता येते. कशी, ते लिहिते.

पहिले ७ दिवस काहीही सुधारायचं नाही, फक्त नोंद. दिनदर्शिकेच्या मागे किंवा जुन्या वहीत, रात्री झोपताना. बोललेलं वाक्य जसंच्या तसं, कोणाला, किती वाजता, आणि बारांपैकी कोणता अवगुण. "चिडून बोललो" असं लिहून उपयोग नाही. "तुझ्याकडून एक काम धड होत नाही, सकाळी साडेसात, मुलगी, वर्मस्पर्श" असं लिहायचं. ही पायरी गाळणारे बहुधा चुकीच्या जागी औषध लावतात. आपला दोष 'वेग' आहे असं वाटत असतं, आणि वहीत निघतो 'उपहास'. बहुतेक घरांत नोंदी दोन वेळांना दाटतात, सकाळी डबा-शाळेच्या गडबडीत आणि रात्री जेवणाच्या आसपास. ते कळलं तरी निम्मं काम होतं, कारण मग डबा रात्रीच अर्धा तयार ठेवता येतो. सगळंच काही साधनेने सुटत नाही, काही गोष्टी मटार आदल्या रात्री सोलल्यानेही सुटतात.

आठव्या दिवसापासून एकच अवगुण घ्यायचा. मुदत एका एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत, म्हणजे साधारण १५ दिवस. बाराही एकदम घेतले की चौथ्या दिवशी वही बंद पडते.

---

टाळकरी

ताई, क्रम पटला. पण 'कृपा आधी' हे करायचं कसं, तिथेच लोक अडकतात. रागाच्या क्षणी कृपा कुठून आणणार? ती आधी साठवलेली असावी लागते.

यासाठी नाम. 'रामकृष्णहरि' ही सहा अक्षरं श्वास सोडताना मनात एकदा म्हणायला ३-४ सेकंद लागतात. तीनदा म्हटलं की १०-१२ सेकंद गेले. पहिलं तोंडाशी आलेलं वाक्य एवढ्या वेळात बरंच गळून पडतं. पण हे नाम रागातच पहिल्यांदा घ्यायला गेलात तर आठवणारच नाही. म्हणून रोज एका ठरलेल्या शांत वेळी १०८ मण्यांची एक माळ. साडेपाच ते सात मिनिटं पुरतात. विहीर तहान लागायच्या आधी खणायची, एवढंच.

चुकतं कुठे, तेही सांगतो.

१. नाम मोठ्याने घेणं. सून काही बोलली आणि सासूबाईंनी सुस्कारा सोडत "पांडुरंगा... पांडुरंगा..." म्हटलं, की ते नामस्मरण राहत नाही. तो टोमणाच, आणि त्याला उत्तर देता येत नसल्याने जास्त लागतो. नाम मनात, ओठ मिटलेले, चेहरा सैल.

२. श्वास आत घेताना म्हणणं. छाती भरलेली राहते आणि पुढचं वाक्य आपोआप वरच्या पट्टीत सुरू होतं. श्वास सोडतानाच म्हणायचं.

३. नाम घेताना मनात उत्तर जुळवत राहणं. १२ सेकंदांत धार लावून झालेली असते.

वारीत एकमेकांना 'माऊली' म्हणतात आणि पाया पडतात, त्याचाही उपयोग आहे. मनातल्या मनात समोरच्याला माऊली म्हणून मग आपलं वाक्य जोडून पाहायचं. "माऊली, तुला अक्कल नाही" हे वाक्य उभंच राहत नाही. "माऊली, गॅस चालू राहिलाय" राहतं. अर्थात "अहो माऊलीऽ" असं हेल काढून म्हणणारे नग दिंडीतही भेटतात. तिथे कोणतीच युक्ती चालत नाही.

---

तर्कट

प्रश्न सरळ आहे. दहा आकडे मोजले तरी हेच होईल ना? श्रद्धेची गरज काय?

---

टाळकरी

थांबण्यापुरतं बघितलं तर आकडेही चालतील. हरकत नाही, आकडे मोजा.

फरक थांबल्यानंतर पडतो. आकडे संपले की पुन्हा तुम्ही आणि समोरचा, आणि मधे 'हा मला असं बोललाच कसा' हा हिशोब तसाच. श्रद्धा असलेल्या माणसाला तो हिशोब ठेवायला दुसरी जागा असते. आपली किंमत या भांडणातल्या शेवटच्या वाक्यावर ठरत नाही हे त्याला आतून ठाऊक असतं, म्हणून शेवटचं वाक्य सोडणं जड जात नाही. ती जागा तुम्हाला विवेकात मिळत असेल तर तिथे ठेवा. ती नसली की आकडे मोजूनही माणूस कडवट बोलतो, फक्त १० सेकंद उशिरा.

---

नागपूरकर उपासक

धागा चांगला चाललाय. बौद्ध परंपरेतलं लिहितो, कारण तिथे हीच गोष्ट जरा वेगळ्या पद्धतीने विभागली आहे.

सम्यक वाचेत, म्हणजे अष्टांगिक मार्गातल्या योग्य बोलण्यात, चार गोष्टी टाळायच्या: मुसावाद (खोटं), पिसुणावाचा (फूट पाडणारी चहाडी), फरुसावाचा (कठोर बोलणं), सम्फप्पलाप (वायफळ बडबड). पंचशीलातलं चौथं शील शब्दशः खोट्यापुरतंच आहे, म्हणून अनेकांना वाटतं की खरं बोललो म्हणजे शील पाळलं. "मी खरं तेच बोललो, लागलं तर लागलं" ही पळवाट इथूनच येते. बाकीचे तीन प्रकार सम्यक वाचेत आहेत, आणि बोललेलं खरं असतानाही ते घडू शकतात.

बोलण्याआधी तपासायच्या पाच कसोट्या अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहेत: योग्य वेळी, खरं, मृदू, हिताचं, आणि मैत्रीच्या चित्ताने. यातली पहिली लोक सर्रास गाळतात. मुलाचे गुण कमी आले हे खरं, ते सांगणं हिताचं, आवाजही मृदू. पण पाहुण्यांसमोर सांगितलं तर पहिल्याच कसोटीवर नापास.

पाचवीसाठी मैत्री भावना, म्हणजे स्वतःचं आणि इतरांचं भलं चिंतण्याचं ध्यान. तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतः, मग आदराची किंवा प्रिय व्यक्ती, मग तटस्थ (रोज दिसणारा, पण ज्याच्याशी देणंघेणं नाही असा कोणी), आणि शेवटी जिच्याशी खटकतं ती. लोक उत्साहाने थेट शेवटच्या व्यक्तीपासून सुरुवात करतात आणि १० मिनिटं डोळे मिटून जुनी भांडणं उगाळतात. मग म्हणतात ध्यानाने राग वाढला. वाढणारच. पहिल्या महिन्यात चौथ्या पायरीकडे फिरकूच नये. रोज १५ मिनिटं असतील तर स्वतःसाठी ५, प्रिय व्यक्तीसाठी ५, तटस्थासाठी ५.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात मैत्री भावना दहाव्या दिवशी शिकवतात, आणि आर्य मौनही (शिबिरार्थींनी पाळायचं मौन) त्याच दिवशी सुटतं. आधी मैत्री, मग तोंड उघडायचं. वरच्या ओवीत आणि यात मला तरी फरक दिसत नाही.

---

समई

मौनाचा विषय निघालाच आहे तर एक भेद स्पष्ट करून ठेवू या. मौन आणि अबोला.

मौन सांगून घेतात आणि त्याला मुदत असते. "आत्ता मी नीट बोलू शकणार नाही. अर्धा तास गप्प बसते, साडेनऊला बोलू." आणि साडेनऊला खरंच बोलतात. अबोला न सांगता सुरू होतो, त्याला मुदत नसते, आणि समोरच्याने अंदाज लावत फिरावं हाच त्याचा हेतू असतो. भांडी आपटणं, मुलांमार्फत निरोप ("बाबांना सांग जेवायला या"), विचारल्यावर "काही नाही" म्हणणं, ही सगळी अबोल्याची अवजारं. एकही कठोर शब्द न उच्चारता दिलेली ही शिवी आहे. ओवीवेडीताईंच्या वहीत हा रकाना नाही, तेरावा म्हणून वाढवावा.

---

ओवीवेडी

@समई, वाढवला. खरं तर माऊलींनी गप्प राहण्याचं कारणही दिलंय. आपण बोललो तर कोणाची चाललेली गोष्ट मोडेल, कोणी दचकेल, कोणाची भुवई उचलली जाईल, म्हणून तो उगा राहतो. गप्प बसण्यामागे दुसऱ्याची काळजी आहे. अबोल्यात नेमकी उलटी इच्छा असते, भुवई उचलली जावीच.

आणि तोच माणूस कोणी विनवलं तर बोलतो, आणि मग ऐकणाऱ्याला मायबाप भेटल्यासारखं वाटतं. म्हणजे नुसतं गप्प राहून सुटका नाही.

---

कडुलिंब

मला या धाग्यात एक धोका दिसतो, तो कोणी मांडला नाही म्हणून मांडते.

मनाच्या श्लोकांत "मना बोलणे नीच सोशीत जावे" आहे. ही ओळ घराघरांत कोणाला ऐकवली जाते? सुनेला. मुलीला. कामाला येणाऱ्या बाईंना. जो घालूनपाडून बोलतो त्याला कोणी ऐकवत नाही. त्याच श्लोकाची पुढची ओळ "स्वयें सर्वदा नम्र वाचे वदावे" अशी आहे, ती सोयीने विसरली जाते. आणि दोन्ही ओळी 'मना' म्हणून स्वतःलाच उद्देशून आहेत. दुसऱ्याच्या मनाला उपदेश करायचा परवाना त्यात नाही.

तेव्हा नियम असा असावा: संतवचन फक्त स्वतःवर वापरायचं. भांडणात समोरच्याच्या अंगावर अभंग फेकणं म्हणजे 'वादबळ', यादीतलं दुसरं.

दुसरं, सतत अपमान, शिव्या, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचणं, हुंड्यावरून बोलणं, हे 'संवाद सुधारा' या सदरात येत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ स्पष्टपणे हिंसेत धरलेला आहे. तिथे संरक्षण अधिकारी आणि १८१ हा महिला मदत क्रमांक हा मार्ग आहे. अशा बाईला कृपा करून माळ हातात देऊ नका.

---

टाळकरी

कडुलिंब ताई, शंभर टक्के. दासबोधात १२व्या दशकाच्या १०व्या समासात समर्थ म्हणतात, आपल्याला चिमटा घेतला की जीव कासावीस होतो, त्यावरून दुसऱ्याला राखत जावं. चिमटा स्वतःच्या अंगावर घेऊन बघायचा आहे. दुसऱ्याला चिमटा काढून वर 'सोस' म्हणायचं नाही.

---

आडकित्ता

तक्रार मग करायचीच नाही का? सगळे गोड बोलायला लागले तर घरात पाण्याचा नळ कोण दुरुस्त करून घेणार?

---

टाळकरी

अहो, करायची ना! आणि त्यासाठी वारकऱ्यांनी फार सुंदर सोय करून ठेवली आहे.

आळंदीहून निघणाऱ्या माऊलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाज आरती होते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, फक्त तीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकून घेतात, तिचा निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते, मग आरती.

यातले बारकावे बघा. तक्रारीची खूण शब्दांची नाही, टाळाची आहे. म्हणजे पहिला आवाज अपमानाचा होऊ शकत नाही. ऐकणारा ठरलेला आहे. वेळ ठरलेली आहे, त्यामुळे दिवसभर चालता चालता वाटेत भांडायची गरज राहत नाही. आणि तक्रार आरतीच्या आधी घेतली जाते, मागून नाही.

घरी हेच असं बसतं. रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर १० मिनिटं. ज्याची तक्रार असेल त्याने घंटा किंवा टाळ एकदा वाजवायचा. एका माणसाची एका दिवशी एकच तक्रार, आणि ती त्याच दिवसाची. "गेल्या दिवाळीत" सुरू झालं की बंद. तक्रार वस्तूची किंवा कामाची, स्वभावाची नाही. "नळ गळतोय, तीन दिवस झाले, उद्या कोण बोलावणार?" ही तक्रार. "तुम्हाला घराचं पडलेलंच नाही" हा निकाल, आणि निकाल देणारे आपण नव्हे. ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे सफाई द्यायची नाही. फक्त ऐकलेलं एकदा परत म्हणायचं: "नळ, उद्या." चोपदाराचं काम आठवड्याने बदलतं ठेवा, आणि त्यात १० वर्षांच्या मुलांनाही पाळी द्या. ती फार कडक चोपदार असतात.

बिघडतं कसं? पहिल्या आठवड्यात सगळे हसतात, दुसऱ्या आठवड्यात जुनी थकबाकी निघते, आणि तिसऱ्या आठवड्यात ज्याच्यावर जास्त तक्रारी येतात तो गैरहजर राहू लागतो. तेव्हा तक्रारीआधी प्रत्येकाने एक 'सापडलं' सांगायचं, म्हणजे आज कोणाचं काय बरं वाटलं ते. हरवलं-सापडलं दोन्ही पुकारायचं असतं.

---

आडकित्ता

हे आवडलं. नळाचं काम झालं की कळवीन.

---

उसाचं कांडं

जैन घरांत क्षमेचा दिवसच असतो, पर्युषणाच्या शेवटी. 'मिच्छामि दुक्कडं', म्हणजे माझं दुष्कृत मिथ्या होवो. पाच समित्यांमध्ये, म्हणजे सावध वागण्याच्या पाच नियमांमध्ये, एक भाषा समितीही आहे, बोलताना सावधपण.

पण हल्ली काय होतं, एक फुलांचं चित्र, खाली मिच्छामि दुक्कडं, आणि २५६ जणांना एकदम पाठवलं. ज्या एका माणसाला खरोखर दुखावलंय त्यालाही तेच चित्र. क्षमा अशी मागून फिटत नाही. माफीत तीन गोष्टी लागतात: आपण बोललेलं नेमकं वाक्य, ते चुकीचं होतं एवढी कबुली, आणि आता काय करणार. "रविवारी सगळ्यांसमोर मी तुझ्या नोकरीवरून बोललो. ते चुकलं. आज जेवताना त्याच सगळ्यांसमोर तसं सांगतो." जिथे पाणउतारा झाला तिथेच भरपाई. चारचौघांत दुखावून खोलीत माफी मागणं हा अर्धा व्यवहार.

"तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात 'तर' आहे, म्हणून ती माफी नाही. "मी चिडतो पण माझ्या मनात काही नसतं" हीसुद्धा नाही. ऐकणाऱ्याच्या मनात राहिलेलं असतं.

---

समई

काही वाक्यांची अदलाबदल लिहून ठेवते. नुसतं 'प्रेमाने बोला' म्हणून कोणाच्या तोंडी प्रेम येत नाही.

"कितीदा सांगायचं?" याऐवजी "यात नेमकं कुठे अडतंय?"

"बरं झालं, आईची आठवण तरी आली." मुलाचा फोन आल्यावर हे म्हणायचा मोह अनावर असतो. मुलगा पुण्यात असो की न्यू जर्सीत, पुढचा फोन त्यामुळे लांबतो. "आवाज ऐकून बरं वाटलं", एवढंच.

"आमच्या वेळी असं नव्हतं." याला बदली वाक्य नाही. गाळायचं.

"वहिनी, आज मीठ विसरलात वाटतं!" ताट वाढून झाल्यावर आणि सगळ्यांदेखत. इथे शब्द बदलायची गरजच नाही. मीठ उठून आणायचं.

आणि 'नेहमी', 'कधीच', 'प्रत्येक वेळी' हे शब्द तक्रारीतून काढून बघा. वाक्य लंगडं झालं तर त्यात तक्रार नव्हती, नुसती चीड होती.

लेखी निरोपांबद्दल: रागात टंकलेलं आधी स्वतःलाच पाठवायचं, सकाळी वाचायचं. आणि नुसतं "हं." असं पूर्णविराम देऊन उत्तर पाठवू नका हो.

---

तर्कट

आधी वाद घालायला आलो होतो, आता प्रश्न विचारतो. समोरचा बदलत नसेल तर? मी १५ दिवस वही भरली, नाम नाही पण आकडे मोजले, आणि पलीकडून तोफखाना चालूच आहे. मग?

---

ओवीवेडी

मग मुक्ताबाईकडे जायचं. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली, तेव्हा ती बाहेर उभी राहून काय करते ते बघा. लागलंच नाही असं ती म्हणत नाही. "शब्द शस्त्रें झाले क्लेश" हे ती स्वतःच म्हणते. बोलणारे कोण, चूक कोणाची, याची चौकशीही करत नाही. "विश्व रागें झालें वन्ही । संतीं सुखें व्हावें पाणी ॥" असं म्हणून ती त्यांना त्यांचंच काम आठवून देते. धाकटी बहीण असून "तुम्ही तरोनि विश्व तारा" असं 'तुम्ही' म्हणून. आणि ती एकदाच म्हणून निघून जात नाही, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" पुन्हा पुन्हा म्हणते. दार मात्र ढकलत नाही.

तुमच्यासाठी व्यवहारातलं एवढंच. समोरच्याची वही आपण भरायची नाही. तोफखाना सुरू झाला की एक वाक्य, "हे असं बोलणं मला लागतं. साडेनऊला बोलू." मग उठून पाणी प्यायला जायचं. साडेनऊला परत यायचं. पहिले काही दिवस पलीकडचा आवाज बहुधा वाढतो, कारण नेहमीचं उत्तर मिळत नाही. तिथे घाबरून पुन्हा जुन्या पट्टीत गेलात तर सगळं पहिल्यापासून. दोन एकादश्या जाऊ द्या. तरीही तेच राहिलं, आणि ते बोलणं कडुलिंब ताईंनी सांगितलेल्या प्रकारातलं असेल, तर वही मिटा आणि १८१ लावा.

---

तर्कट

ठीक. पुढची एकादशी कधी आहे?

---

आडकित्ता

दिनदर्शिका उलटा. मागे वाक्यं लिहिली असतील तर पुढे तारखा आहेत.